बोटांची अदलाबदल

संदेश सौजन्यपूर्ण होता, आणि म्हणूनच वृषाली टेंभुर्णेने तो दोनदा वाचला. उद्धट यंत्राशी भांडता तरी येते. नम्र यंत्राचे काय करायचे? पडद्याच्या कोपऱ्यात फिकट निळ्या चौकटीत लिहिले होते: ‘गेल्या तीन वर्षांत आपल्या काही बोटांच्या हालचालींचा आवाका सातत्याने घटत असल्याचे आढळले आहे. हा नमुना मज्जासंस्थेच्या काही विकारांशी जुळतो. कृपया वैद्यकीय सल्ला घ्यावा. आपला दिवस सुखाचा जावो.’

तिने चौकट बंद केली. खाली हँगरमध्ये एका विमानाचा पंख उघडा पडला होता आणि तिथला मेकॅनिक तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

वृषाली नागपूरच्या एका विमान-दुरुस्ती केंद्रात दस्तऐवज अधिकारी होती. विमानाचा साधा बोल्ट बदलायचा असला, तरी तो कोणत्या अवजाराने आणि किती जोराने आवळायचा हे आठवणीवर विसंबून करायचे नाही. पुस्तिकेत पाहूनच करायचे, हा त्या धंद्याचा धर्म. या पुस्तिका काही लाख पानांच्या, आणि त्यांत दर आठवड्याला दुरुस्त्या. मेकॅनिकने विचारले की वृषालीने नेमके कलम शोधायचे, ते चालू आवृत्तीतलेच आहे याची खात्री करायची, आणि स्वतःच्या परवान्याच्या जोरावर ते पान त्याच्या पडद्यावर पाठवायचे. ती चुकली तर बोल्ट चुकणार.

हे काम ती बोटांनी करीत असे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने पुस्तिका उघडण्याच्या संगणक-प्रणालीची, म्हणजे एडिटरची, सेटिंगची फाइल उघडून स्वतःचे शॉर्टकट लिहून ठेवले होते. कंट्रोल आणि जे दाबले की पुढचे कलम. कंट्रोल आणि यू दाबले की आवळण्याच्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा तक्ता. आल्ट आणि एस दाबले की आकृतीवरून थेट सुट्या भागांच्या यादीत. असे चाळीसेक. माउसला हात न लावता ती लाखभर पानांत अशी हिंडे, की शेजारी उभ्या माणसाला भोवळ यावी. हँगरचे पाळीप्रमुख गावंडे म्हणत, “मॅडमचा कीबोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या घरचा मिसळणाचा डबा. हळद समजून हात घातला, तर धने निघते.”

तीन वर्षांपूर्वी केंद्राने नवा एडिटर घेतला. त्याच्याबरोबर प्रत्येकाला दोन्ही हातांवर, कोपराच्या थोडे खाली बांधायच्या पट्ट्या मिळाल्या. त्यातले विज्ञान फारसे गुंतागुंतीचे नव्हते. बोट हलवण्याचा मेंदूचा आदेश मज्जातंतूंतून कोपराखालच्या स्नायूंपर्यंत येतो, तेव्हा तिथे अतिशय क्षीण विद्युत्-दाब निर्माण होतो. पट्टी तो मोजते. स्नायू आकसून बोट प्रत्यक्ष खाली यायला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्या अवधीत एडिटर ओळखतो की या बाईला आता टॉर्कचा तक्ता हवा आहे, आणि कळ दबण्याआधीच तक्ता पडद्यावर हजर होतो. शिवाय तो शिकत राहतो. आज अर्ध्या हालचालीवरून हेतू कळला, तर उद्या पाव हालचालीवर समाधान मानतो. काही महिन्यांत वृषालीला कळ पूर्ण दाबण्याची गरज उरली नाही, आणि वर्षभरात कळेला स्पर्श करण्याचीही. तिला त्याचा अभिमान वाटे. कमीत कमी श्रमांत जास्तीत जास्त काम, ही तिच्या लेखी कौशल्याची व्याख्या होती.

त्याच पट्ट्यांना जोडलेली आरोग्यसेवा कर्मचाऱ्यांच्या हितासाठी विनामूल्य दिलेली होती. निळी चौकट या सेवेनेच पाठवली होती; आणि नियमाप्रमाणे तिची एक प्रत परवाना विभागाकडेही गेली होती.

त्या विकारांत पहिला कंपवात, म्हणजे पार्किन्सन; तो काय असतो हे वृषालीला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिचे वडील वर्ध्याला दुकानांच्या पाट्या रंगवीत. लोकांना या आजारातला कंप ठाऊक असतो. पण मेंदूच्या खोल भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडू लागल्या, की पुष्कळदा कंपाच्या आधी हालचाली आक्रसतात. पाऊल आखूड पडते, आवाज बसतो, अक्षर बारीक होत जाते. बाबांच्या पाट्यांवर पहिले अक्षर पूर्वीसारखेच टपोरे असे आणि शेवटचे मुंगीएवढे. पाटीच्या उजवीकडे मोकळी जागा उरू लागली. गिऱ्हाइकांना वाटले, म्हातारा रंग वाचवतो. तेव्हा ते जेमतेम पन्नाशीचे होते. वृषालीला आता एकोणपन्नास सरत होते.

केंद्राच्या डॉक्टरांनी आधी अहवाल वाचला आणि मग तिची बोटे पाहिली. हा क्रम महत्त्वाचा होता, पण तो त्या वेळी कुणाच्याच लक्षात आला नाही. अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितल्यावर तिची तर्जनी जेमतेम उघडत होती. घरातला इतिहास विचारला गेला, तिने सांगितला, डॉक्टरांनी मान हलवली. मेंदूचे स्कॅन झाले. त्यात डोपामिनचे प्रमाण ‘वयाच्या मानाने नीचांकी, तथापि स्वाभाविक मर्यादेत; वर्षभराने पुन्हा पाहावे’ असे आले, म्हणजे कुणालाच काही कळले नाही. परवान्याचा फेरविचार मात्र वर्षभर थांबणार नव्हता. तो दोन महिन्यांवर आला होता.

घरात किशोरने सूत्रे हाती घेतली. तिचा नवरा शहर बससेवेत वेळापत्रके आखण्याचे काम करी, आणि उद्याच्या खोळंब्याची तजवीज आजच करून ठेवणे हा त्याचा पेशा तसाच स्वभावही होता. विळी माळ्यावर गेली. गॅसजवळ तो आधी जाऊन उभा राहू लागला. ती चहा ओतत असताना तो तिच्या हाताकडे पाही, आणि तो पाहतो आहे हे कळले की चहा खरोखरच बशीत सांडे.

“पोळ्या मी लाटते,” एका संध्याकाळी ती म्हणाली.

“राहू दे. तवा तापला आहे.”

“तवा तापल्याशिवाय पोळी भाजते का, किशोर? मी अजून आजारी नाही.”

“‘अजून’ हा शब्द तू वापरलास. मी नाही.”

तिने लाटणे ओट्यावर आपटले. आपटण्यातला आवाका अगदी उत्तम होता; पण हे निरीक्षण नोंदवण्याच्या मनःस्थितीत दोघेही नव्हते.

डॉ. फरहत काझी ही वृषालीची शाळेपासूनची मैत्रीण. ती शरीरक्रियाशास्त्र शिकवी आणि हाताच्या हालचालींवर संशोधन करी. तिच्याकडे जाणे वृषालीने मुद्दाम टाळले होते, कारण फरहत खोटा दिलासा देत नसे. अखेर एका दुपारी ती गेली.

“आणि हे तू मला आज सांगून राहिलीस?” फरहत म्हणाली. “बरं. आधी रडून घे, मग अहवाल दाखव. नाहीतर उलटं कर. मला अहवालाची घाई आहे.”

वृषालीने अहवाल दाखवला. फरहतने सारांश न वाचता सरळ शेवटची पाने काढली. तिथे प्रत्येक बोटाची वेगळी आकडेवारी होती. ती तिने ओळीओळीने तपासली, मग वृषालीचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले.

“उजवी तर्जनी आक्रसली आहे. तिच्या शेजारचं मधलं बोट ठणठणीत. डावी अनामिका आक्रसली आहे, तिच्या दोन्ही शेजारणी ठणठणीत. कंपवात बहुधा शरीराच्या एका बाजूनं सुरू होतो. इथं तो दोन्हीकडे आहे, पण एकेक बोट निवडून. ह्या दोन बोटांनी तू काय करतेस?”

“पुढचं कलम आणि टॉर्क उजव्या तर्जनीवर. सुटे भाग डाव्या अनामिकेवर. दिवसभर तेच.”

“म्हणजे आजारानं तुझे शॉर्टकट पाठ केले म्हणायचे.”

वृषाली एकदम पुढे वाकली. “म्हणजे मला नाहीये?”

“तसं मी म्हटलेलं नाही,” फरहत कोरडेपणाने म्हणाली. “दोन शक्यता आहेत. तुझा मेंदू बोटांना कमी हालचाल पाठवतो, कारण तो आजारी आहे. किंवा कमी पाठवतो, कारण कमीत भागतं. ह्या यंत्रानं तीन वर्षं तुला कमीत भागवायला शिकवलं, आणि आता तेच मोजून सांगतं की बाई कमी हलते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच असू शकतात. पण असू शकतात आणि आहेत यांत फरक असतो. तो प्रयोगानं कळेल.”

“आणि डॉक्टरांनी तर्जनी पाहिली ती?”

“सवय कीबोर्डापुरती राहत नाही. तीन वर्षं हळू बोलणारा माणूस बाजारातही हळूच बोलतो. मधलं बोट पाहिलं होतं का त्यांनी?”

पाहिले नव्हते.

प्रयोग साधा होता. सर्वांत जास्त वापरले जाणारे शॉर्टकट आक्रसलेल्या बोटांवरून काढून धडधाकट बोटांवर द्यायचे: पुढचे कलम आणि टॉर्क उजव्या मधल्या बोटाकडे, सुटे भाग डाव्या तर्जनीकडे. तर्जनी आणि अनामिका या जुन्या जोडीकडे क्वचित लागणारी कामे. बाकी काही बदलायचे नाही. एडिटरला शिकू द्यायचे. मेंदूच आजारी असेल, तर काम काढून घेतले तरी ती दोन बोटे आक्रसलेलीच राहतील. सवयीचा दोष असेल, तर ती मोकळी होतील आणि नवी दोन आक्रसू लागतील. अवधी सहा आठवडे. मोजमाप माझा सहायक करील, फरहत म्हणाली. कोणते बोट कोणते हे त्याला ठाऊक नसेल, आणि दरम्यान तुला काहीही सांगितले जाणार नाही.

“किशोरला?”

“त्याला तर मुळीच नाही. त्याच्या चेहऱ्यावर आकडे छापून येतात.”

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. नव्या एडिटरमध्ये शॉर्टकट बदलण्याची सोय होती, पण कुणी वापरत नसल्याने ती चार पडद्यांच्या आड गेली होती. आणि तिथे पोचल्यावर वृषालीला कळले, की आपण काय दाबतो हे आपल्याला सांगताच येत नाही. टॉर्क म्हटले की टॉर्क येत होता. मूळच्या चाळिसांपैकी कित्येक शॉर्टकट यंत्राने आणि बोटांनी आपसांत केव्हाच बदलून घेतले होते. मालकीणबाईंना त्याची वर्दी नव्हती.

म्हणून रविवारी दुपारी किशोर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिने सरावाची पुस्तिका उघडून काम करायचे आणि कोणते बोट हलले हे त्याने लिहायचे.

“सुटे भाग,” ती म्हणाली. यादी उघडली.

“कुठलं बोट?”

“तू सांगायचंस.”

“मला काही हललेलं दिसलं नाही.”

“परत बघ. सुटे भाग.”

“वृषा, शपथेवर सांगतो, काही हललं नाही. तू नुसती बसली होतीस.”

शेवटी त्याने आपली बोटे तिच्या बोटांवर ठेवली, कुणी पेटीवर हात ठेवून शिकवावे तशी. मग त्याला जाणवले: डाव्या अनामिकेच्या आत कुठेतरी एक बारीकसा ताण, झोपलेल्या पोराच्या पापणीखाली डोळा हलावा एवढाच. तो लिहायचे विसरला. गेल्या दोन महिन्यांत त्याने तिचा हात धरला होता तो तिला आधार द्यायला. आज पहिल्यांदाच तो त्या हाताकडून काहीतरी समजून घेत होता.

“लिही ना,” ती म्हणाली.

“लिहितो. घाई काय आहे?”

संपूर्ण नकाशा तयार व्हायला संध्याकाळ झाली. रात्रीच्या पोळ्या तिने लाटल्या, आणि कुणी हरकत घेतली नाही.

पहिला आठवडा नामुष्कीचा गेला. बोटे जुन्या वाटेने जात आणि भलत्याच दारात उभी राहत. पान पाठवण्यापूर्वी ती दोनदा तपासून घेई, म्हणून धोका नव्हता; पण एकदा पाठवण्याआधी हँगरमध्ये दिसणाऱ्या नुसत्या झलकेत घोळ झाला, तेव्हा गावंडेंचा फोन आलाच.

“मॅडम, मी फ्लॅपच्या बोल्टचा टॉर्क मागून राहिलो, अन् तुम्ही मले संडासाच्या नळाचं चित्र दाखवून राहिल्या.”

“थांबा गावंडेसाहेब, पाठवते.”

“नाही, काही घाई नाही. नळ पण चांगला आहे म्हणा.” मग हलक्या आवाजात: “मॅडम, तब्येत ठीक आहे ना? पोरं काहीबाही बोलून राहिले.”

“माझे शॉर्टकट बदलून बघते आहे,” ती म्हणाली. हे शब्दशः खरे होते.

हळूहळू नव्या वाटा रुळल्या. एडिटर मुकाट्याने शिकत होता. आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस, टॉर्कचा तक्ता उघडला असताना वृषालीची नजर स्वतःच्या उजव्या हातावर गेली. मधले बोट कळेपर्यंत पोचलेच नव्हते. तिने डावीकडे पाहिले. डावी तर्जनीही अर्ध्यावर.

माणसाची भीती तर्काहून चपळ असते. प्रयोगाचा सगळा युक्तिवाद तिला पाठ होता. तरी त्या क्षणी तिला दिसल्या त्या फक्त बाबांच्या पाट्या. दोनाची चार बोटे झाली होती. पसरते आहे. त्याच दुपारी निळी चौकट उघडली: ‘आणखी दोन बोटांच्या हालचालींचा आवाका वेगाने घटत असल्याचे आढळले आहे. विकाराची प्रगती नाकारता येत नाही. कृपया विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. आपला दिवस सुखाचा जावो.’

ती किशोरला काही न कळवता थेट फरहतच्या प्रयोगशाळेत गेली आणि संदेशाचे पान तिच्यासमोर ठेवून उभी राहिली.

“बस,” फरहत म्हणाली.

“बसायचं नाहीये. वाच.”

फरहतने वाचले. मग पुन्हा वाचले. “जुन्या दोन बोटांबद्दल काय म्हणतो हा?”

“काही नाही. तिथं काहीच लिहिलेलं नाही.”

“तेच विचारते आहे. काहीच का लिहिलेलं नाही?”

फरहतने पडद्यावर सेवेची माहितीपुस्तिका उघडली आणि बोट ठेवून दाखवले. हालचाल घटली तर संदेश जावा, घट वाढली तर तातडीचा संदेश जावा, अशी व्यवस्था होती. हालचाल पूर्ववत झाली तर काय, याचा विचारच कुणी केलेला नव्हता. कारण ज्या आजारासाठी ही सेवा बनवली होती त्यात असे होत नाही. सुधारणा कळवण्याची त्या यंत्रात सोयच नव्हती.

“सहा आठवडे पुरे झालेले नाहीत,” फरहत म्हणाली, “आणि नियम मीच घातला होता. पण यंत्रानंच तुझ्या डोळ्यांवरची पट्टी काढली आहे, तेव्हा आता मी झाकून काय उपयोग?” तिने सहायकाला हाक मारून आलेख मागवला. त्याने तो आणला, आणि कोणते बोट कोणते याची चिठ्ठी फरहतने त्याच्यासमोर फोडली.

चार रेषा होत्या. दोन वरून खाली येत होत्या: उजवे मधले बोट आणि डावी तर्जनी. दोन खालून वर चढत होत्या: उजवी तर्जनी आणि डावी अनामिका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या दरम्यान त्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या. आजारी मेंदूची बोटे शॉर्टकट काढून घेतल्याने बरी होत नाहीत. ही मात्र झाली होती.

“हात पुढे कर,” फरहत म्हणाली. “तर्जनी अंगठ्यावर आपट. मोठी उघड. अजून. हं.”

तर्जनी पूर्ण उघडत होती. वृषाली ती उघडत-मिटत राहिली. फरहतने पुरे म्हटल्यावरही.

“चूक असण्याची शक्यता किती?”

“ह्या आलेखात? फार थोडी. तुझ्या आयुष्यात? दहा वर्षांनी तुला काही होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. मलाही कुणी दिलेलं नाही. पण ह्या बोटांत आज जे आहे ते आजार नाही, वाईट सवय आहे. परवाना विभागाला मी उद्याच सविस्तर लिहिते.” मग चष्मा काढून ती म्हणाली, “असले संदेश तुमच्याकडे आणखी कुणाला येतात?”

“आले असतील. असलं कुणी कुणाला सांगत नाही.”

“मग आता तू विचार.”

“विचारते,” वृषाली म्हणाली, आणि आता मात्र बसली. रडायचे राहून गेले होते ते तिने तिथेच उरकले. फरहतने तिला पाणी दिले आणि सहायकाला उगाचच बाहेर काहीतरी आणायला पाठवले.

खाली वाहनतळावर येऊन तिने किशोरला फोन लावला. त्याने तो जरा उशिराने उचलला. मागे नळाचे पाणी वाहत होते.

“किशोर, नाहीये मला.”

“काय नाहीये?”

“आजार. सवय होती ती. रेषा छेदल्या एकमेकींना. घरी आल्यावर सांगते सगळं.”

पलीकडे नळ बंद झाला. “नक्की?”

“फरहत म्हणाली.”

“मग नक्की.” “वृषा, मी जरा प्रतापनगरला आहे. एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये.”

“कुणाच्या?”

“तळमजला आहे. उंबरे नाहीत. संडासात धरायला दांडे बसवता येतात. म्हटलं, आपल्या घरचे तीन जिने तुला पुढेमागे... तुला सांगणार होतो. सगळं ठरल्यावर.”

तिला रागवावेसे वाटले. गेले तीन महिने हा माणूस तिच्या नकळत तिच्या पडण्याच्या जागा मोजत हिंडत होता. पण तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

फोनमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. “काय म्हणते बाई? घेता का नाही घर?”

“मालकीणबाई आहेत,” किशोर कुजबुजला. “काय सांगू?”

“सांग, बायकोची बोटं ठीक आहेत.”

त्याने ते इमानदारीने तसेच सांगितले.

“मंग त चांगलंच झालं ना बाप्पा,” म्हातारी म्हणाली. “बोटं ठीक आहेत, त घर काहून नाही घेत?”

वृषाली इतकी मोठ्याने हसली की वाहनतळाचा पहारेकरी खुर्चीवरून उठून पाहू लागला. पलीकडे आधी किशोर हसला, आणि मग काहीही न कळता ती म्हातारीही. वृषालीने पहारेकऱ्याकडे पाहून हात हलवला, सगळे ठीक आहे अशा अर्थाने; चांगला मोठा, खांद्यापासून.